थंडीच्या राज्यात राहायला जायचंय? आधी हे समजून घ्या

अमेरिकेत नोकरीची ऑफर आली आणि गाव निघालं मिनियापोलिस, फार्गो नाहीतर बफेलो, की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, थंडी झेपेल का हो? मी बरीच वर्षं मिनेसोटात राहतेय आणि माझं स्पष्ट मत सांगते, थंडी झेपते. चांगलं जॅकेट, चांगले बूट आणि घरात चालू फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) असला की उणे वीसही झेपतं. जड जातं ते वेगळंच, म्हणजे हिवाळ्याची लांबी, अंधार, आणि थंडीच्या मागून येणारं रोजचं काम आणि खर्च. याबद्दल आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, थंड राज्यं सगळी एकसारखी थंड नसतात. सिअ‍ॅटल हे मिनियापोलिसपेक्षा जास्त उत्तरेला आहे, तरी तिथला हिवाळा बराच सौम्य, कारण शेजारी पॅसिफिक महासागर आहे आणि पाणी हळू तापतं, हळूच थंड होतं. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा ही राज्यं खंडाच्या अगदी मध्यात, समुद्र लांब, आणि उत्तरेकडून कॅनडातून येणारी गार हवा अडवायला मध्ये एक डोंगरसुद्धा नाही. त्यामुळे मिनियापोलिसला जानेवारीत दुपारी साधारण उणे ५ सेल्सियस आणि रात्री उणे १३ ही नेहमीची सरासरी झाली, आणि जेव्हा ध्रुवाकडची हवा खाली घसरते तेव्हा उणे २५-३० पण बघायला मिळतं. मिनेसोटाचा रेकॉर्ड २ फेब्रुवारी १९९६ चा, टॉवर नावाच्या गावात उणे ५१ सेल्सियस. बोस्टन त्या मानाने खूप सुसह्य, तिथे जानेवारीत दुपारी शून्याच्या वर जातं, पण मग तिथे बर्फ वितळतो, रात्री परत गोठतो आणि सकाळी पायऱ्यांवर काच पसरल्यासारखं होतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोची गोष्ट अजून वेगळी. तिथे थंडीपेक्षा हिमवर्षावाचा मारा जास्त. होतं काय की हिवाळ्याच्या सुरुवातीला इरी सरोवराचं पाणी अजून बऱ्यापैकी उबदार असतं, त्यावरून कोरडी गार हवा वाहते, ती वाफ उचलते आणि किनाऱ्यावर आली की सगळी बर्फ म्हणून टाकून देते. हा पट्टा अगदी अरुंद असतो, म्हणजे एका उपनगरात कमरेएवढा बर्फ आणि काही मैलांवर लख्ख ऊन असंही होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात साधारण ८० इंच पडला होता. इरी उथळ आहे म्हणून गोठतंही लवकर, आणि गोठलं की हा प्रकार बराच कमी होतो. मिशिगन राज्याच्या उत्तर भागात कीविनॉ नावाचा भाग आहे, तिथे १९७८-७९ च्या एका हिवाळ्यात ३९० इंच, म्हणजे जवळजवळ १० मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. म्हणून राज्याचं नाव ऐकून घाबरू नका किंवा निवांतही होऊ नका, नेमकं गाव कुठलं, सरोवराच्या कुठल्या बाजूला, ते बघा.

आता तापमानाचा आकडा कसा वाचायचा. इथे बातम्यांमध्ये दोन आकडे सांगतात, एक खरं तापमान आणि दुसरा विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान. आपल्या शरीराभोवती आपल्याच उष्णतेने गरम झालेल्या हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो थर सतत उडवून लावतो, म्हणून वाऱ्यात अंग फार लवकर गार पडतं. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस, आणि ताशी १५ मैल वारा, तर विंड चिल होतो उणे २८ सेल्सियस आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. गाडीला किंवा नळाच्या पाइपला मात्र विंड चिल लागू होत नाही, म्हणजे वाऱ्याने त्या लवकर गार होतील, पण खऱ्या तापमानाच्या खाली जाणार नाहीत. आणि हो, उणे ४० ला फॅरनहाइट आणि सेल्सियस दोन्ही सारखेच होतात, तिथे रूपांतर करायची गरजच नाही.

उणे पंचवीसला बाहेर पडल्यावर नक्की काय होतं ते सांगते. पहिल्याच श्वासाला नाकातले केस कडक होतात, चिकटल्यासारखं वाटतं. पापण्यांवर श्वासाची वाफ गोठते. पायाखालचा बर्फ कचकच आवाज करतो, उणे दोन-तीनला तो आवाज येत नाही. आकाश मात्र निळंशार, ऊन इतकं लख्ख की गॉगल लागतो, कारण ढग म्हणजे जमिनीवरचं पांघरूण, ते नसलं की रात्रीतून सगळी उष्णता वर निघून जाते, म्हणून सगळ्यात कडक थंडीचे दिवस बरेचदा सगळ्यात सुंदर दिसतात. कपड्यांचं तंत्र सोपं आहे, आतला थर लोकरीचा नाहीतर पॉलिस्टरचा, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन घालू नका, ते घाम धरून ठेवतं आणि मग तोच ओलावा अंग गार करतो. हातमोजे बोटं वेगळी असलेले नकोत, चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात.

थंड राज्यांचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तिथली व्यवस्था थंडी गृहीत धरून उभी केलेली असते. हे समजायला फेब्रुवारी २०२१ चं टेक्सस आठवा. डॅलसला पारा उणे १९ पर्यंत उतरला, वीज केंद्रं आणि गॅसच्या लाइनी गोठल्या, लाखो लोक अंधारात गारठून बसले आणि सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली. तेवढी थंडी मिनेसोटात एखाद्या जानेवारीच्या मंगळवारी असते आणि शाळासुद्धा चालू असतात. इथे रात्री बर्फ पडला की पहाटे प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणाऱ्या गाड्या, फिरून मुख्य रस्ते मोकळे झालेले असतात. मिनियापोलिसच्या डाउनटाउनमध्ये इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल आहेत, स्कायवे म्हणतात, पहिला १९६२ मध्ये झाला आणि आता ते जाळं मैलोन् मैल पसरलंय, ऑफिस, बँक, जेवण सगळं कोट न घालता होतं.

पण व्यवस्था म्हटली की नियमही आले. मोठा बर्फ पडला की शहर स्नो इमर्जन्सी जाहीर करतं, मग कुठल्या दिवशी रस्त्याच्या कुठल्या बाजूला गाडी लावायची हे ठरलेलं असतं, चुकलात तर गाडी उचलून नेतात आणि दंड चांगलाच बसतो. नवीन आलेल्यांची पहिल्या हिवाळ्यात हमखास गाडी उचलली जाते, म्हणून शहराच्या मेसेज अलर्टला आल्या आल्या नाव नोंदवा. घरासमोरचा फुटपाथ साफ करणं ही घरमालकाची जबाबदारी असते, मिनियापोलिसमध्ये बर्फ थांबल्यापासून २४ तासांत. म्हणजे तुम्ही थकून घरी आलात तरी आधी फावडं हातात घ्यायचं. आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊने ढकललेला जो ढीग असतो ना, तो सगळ्यात जड असतो, ओला, मातीमीठ मिसळलेला. इथे एक गंभीर गोष्ट, बर्फ उपसताना हार्ट अटॅक येणं हा धोका खरा आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात अचानक एवढी मेहनत, रक्तदाब उसळतो. ज्यांचं वय झालंय, बीपी आहे, बैठं काम आहे त्यांनी स्नोब्लोअर (बर्फ उडवून टाकणारं यंत्र) घ्यावा नाहीतर पैसे देऊन करून घ्यावं, यात कमीपणा कसला?

आता घर. इथे बहुतेक घरांना बेसमेंट असतं, त्याचं कारण जमिनीत आहे. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि जमीन गोठते तेवढ्या खोलीपर्यंत पाया असला तर तो वर उचलला जाऊ शकतो, म्हणून पाया त्याखाली न्यावा लागतो. दक्षिण मिनेसोटात हा नियम साडेतीन फुटांचा, उत्तरेत पाच फुटांचा. एवढं खणायचंच तर अजून थोडं खणून तळघर केलेलं काय वाईट? टोर्नेडोच्या, म्हणजे वावटळीसारख्या वादळाच्या, भोंग्याला तिथे पळता येतं, मुलांना खेळायला जागा होते. पण याच तळघरात रेडॉन साठतो. हा वायू मातीतल्या युरेनियमपासून तयार होतो, रंग नाही वास नाही, आणि सिगरेटनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं दुसरं मोठं कारण तोच आहे. हिवाळ्यात दारंखिडक्या बंद, गरम हवा वर चढते आणि खालून मातीतली हवा ओढून घेते, त्यामुळे प्रमाण वाढतं. मिनेसोटाच्या आरोग्य खात्याच्या म्हणण्यानुसार राज्यात पाचातल्या दोन घरांत हे प्रमाण काळजी करण्याइतकं असतं. टेस्ट किट स्वस्तात मिळतं, आणि प्रमाण जास्त निघालं तर पाइप आणि पंखा बसवून वायू छपरावरून बाहेर सोडतात. घर घेताना लोक स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड अर्धा तास बघतात आणि रेडॉनचं विचारतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी भानगड छपरावरची, आइस डॅम. माळ्याला इन्सुलेशन कमी असलं की घरातली ऊब छपरापर्यंत जाते, तिथला बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं, वळचणीखाली घर नसतं म्हणून ती गार असते, तिथे ते परत गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडतं आणि कौलांच्या खाली शिरून भिंतीतून खाली उतरतं. बाहेरून ते लटकणारे बर्फाचे सुळके फोटोत फार छान दिसतात, पण घरमालकासाठी तो इशारा असतो. उपाय म्हणजे माळ्याचं इन्सुलेशन वाढवणं आणि तोपर्यंत लांब दांड्याच्या रेकने जमिनीवर उभं राहूनच छपराच्या कडेचा बर्फ ओढणं, छपरावर चढायचं नाही. बाहेरच्या भिंतीतले पाइप गोठून फुटणं हाही नेहमीचा प्रकार, कडाक्याच्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची आणि नळ बारीक धारेने चालू ठेवायचा. आणि फर्नेसचा बाहेर निघणारा पाइप बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो, म्हणून झोपायच्या खोलीजवळ त्याचा अलार्म हवाच.

खर्चाचं बोलू. एक समज असा आहे की गरम राज्यात एसीचं बिल जास्त येतं म्हणून शेवटी सगळं सारखंच. तसं नाही. बाहेर उणे २० असताना घरात २० ठेवायचं म्हणजे ४० अंशांचा फरक, आणि मायामीत बाहेर ३२ असताना २३ ठेवायचं म्हणजे ९ अंशांचा. २०१३ च्या एका अभ्यासात मिनियापोलिसला घराचं तापमान राखायला मायामीपेक्षा साधारण साडेतीन पट ऊर्जा लागते असं निघालं होतं. अर्थात पट ऊर्जेची आहे, बिलाची नाही, कारण इंधन कुठलं यावर सगळं अवलंबून. शहरात नैसर्गिक गॅस असतो तो स्वस्त पडतो. खेडेगावात प्रोपेनची टाकी असते, भाव वर गेले की खिसा कापला जातो. मेन नावाच्या राज्यात अजून बरीच घरं तेलावर चालतात, पण तिथे एक छान गोष्ट घडली, राज्याने २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचं ठरवलं आणि ते २०२३ मध्येच पूर्ण झालं. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, आणि नवीन मॉडेल शून्याच्या बऱ्याच खाली सुद्धा काम करतात.

बिल थकलं तर भर हिवाळ्यात गॅस तोडतील का, ही भीती बऱ्याच जणांना असते. मिनेसोटात कोल्ड वेदर रूल आहे, १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात तुमची हीटिंग तुटू नये म्हणून संरक्षण मिळतं, पण ते आपोआप नाही, कंपनीला फोन करून हप्ते ठरवून घ्यावे लागतात आणि ते पाळावे लागतात. कमी उत्पन्न असेल तर केंद्र सरकारची हीटिंगसाठी मदतीची योजना सगळ्या राज्यांत आहे. लाज न बाळगता अर्ज करा, ती त्यासाठीच आहे.

गाडीचं थोडक्यात सांगते. उणे १८ ला साध्या बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली येते आणि त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल दाट झालेलं असतं, म्हणून जुनी बॅटरी नेमकी त्याच सकाळी दगा देते, ऑक्टोबरात चेक करून घ्या. विंटर टायर घ्या, साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होतं आणि पकड सुटते. इलेक्ट्रिक गाडीची रेंज हीटर लावल्यावर बरीच घटते, घरी चार्जिंग असेल तरच हौस करा. रस्त्यावरचं मीठ साधारण उणे ९ पर्यंतच नीट काम करतं, त्याखाली वेगळी रसायनं मिसळतात, आणि ते मीठ गाडीची खालची बाजू गंजवतं म्हणून गाडी खालून धुवायची. तेच मीठ पुढे वाहून तळ्यांत जातं आणि तिथून काढता येत नाही. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, वाळूची पिशवी ठेवा. वादळात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, नाहीतर धूर आत येतो.

आता येते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, अंधार. डिसेंबरच्या शेवटी मिनियापोलिसला दिवस पावणेनऊ तासांचा असतो, साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसला जाताना जेमतेम उजाडलेलं आणि येताना रात्र. अलास्कातल्या फेअरबँक्सला तर साडेतीन-पावणेचार तासच. थंडी कपड्याने अडते, अंधाराला कपडा नाही. या दिवसांत मन खचणं, सतत झोप, गोड खावंसं वाटणं, कोणाला भेटू नये असं वाटणं, याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. हा आळशीपणा नाही, उजेड कमी झाला की शरीराचं घड्याळ बिघडतं. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसण्याने बऱ्याच जणांना फरक पडतो, पण डोळ्यांचा त्रास किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. दुसरं म्हणजे व्हिटॅमिन डी. एवढ्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य इतका कलतो की त्याच्या किरणांतून कातडीला डी जवळजवळ बनवताच येत नाही, आणि आपली कातडी सावळी असल्यामुळे उरलेल्या वर्षातही गोऱ्या माणसापेक्षा जास्त ऊन लागतं. रक्त तपासून घ्या, आई-वडील आले असतील तर त्यांचंही.

हवेचा कोरडेपणा पण कमी लेखू नका. उणे २० ची हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता जेमतेम पाच टक्के उरते. मग घोळणा फुटतो, ओठ चिरतात, मुलांना एक्झिमा होतो, दाराच्या मुठीला हात लावला की स्थिर विजेचा झटका बसतो. ह्युमिडिफायर लावा, पण खिडकीच्या काचांवर पाणी जमायला लागलं की कमी करा, नाहीतर बुरशी धरते.

एवढं सगळं असून लोक इथे राहतात आणि राहिलेले बरेचदा जात नाहीत, त्यालाही कारणं आहेत. जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा होतो, रात्री नऊला सूर्य मावळतो आणि जेवून झाल्यावर मुलं तळ्यावर पोहायला जाऊ शकतात. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत, त्यामुळे तळं शोधायला लांब जावं लागत नाही. ग्रेट लेक्स म्हणजे इरीसारखी जी पाच मोठी सरोवरं इथे आहेत, त्यांत मिळून जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा आहे, आणि पुढच्या पन्नास वर्षांत पाण्याची किंमत काय असेल याचा विचार केला तर ही छोटी गोष्ट नाही. म्हणूनच मिनेसोटातल्या सरोवराकाठच्या डुलुथसारख्या गावांना लोक हवामानबदलात सुरक्षित जागा म्हणायला लागलेत, पण मी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. व्हरमाँटही सुरक्षित मानलं जायचं आणि जुलै २०२३ मध्ये तिथे राजधानी मॉन्टपेलियर पाण्याखाली गेली, त्याच उन्हाळ्यात कॅनडातल्या वणव्यांचा धूर मिनेसोटापर्यंत आला होता. थंडीने कीटक मरतात हाही अर्धाच खरा समज, इथले डास जबरदस्त आहेत आणि मेन, व्हरमाँट, विस्कॉन्सिन, मिनेसोटा सगळीकडे गोचिडीतून लाइम रोग होतो, जंगलातून आल्यावर अंग तपासायचंच.

कराचा आणि थंडीचा संबंध नाही हेही लक्षात घ्या. मिनेसोटात राज्याचा आयकर वरच्या टप्प्यात ९.८५ टक्के, तर अलास्का, वायोमिंग, साउथ डकोटामध्ये शून्य, उलट अलास्का १९८२ पासून रहिवाशांना तेलाच्या फंडातून दरवर्षी पैसे देतं. मिनेसोटात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, जॅकेट इथेच येऊन घ्या.

ज्यांना हिवाळा जड जातो आणि ज्यांना जात नाही त्यांच्यात मला एकच फरक सतत दिसतो, दुसऱ्या गटाने बाहेर करायला काहीतरी शोधलेलं असतं. क्रॉस कंट्री स्कीइंग, मुलांचं हॉकी, गोठलेल्या तळ्यावर मासेमारी, काहीही. तळ्यावर चालायला निदान चार इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा असं इथलं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं, गाडीला त्याहून बराच जास्त, आणि कुठलाच बर्फ पूर्ण सुरक्षित नसतो. इथे उणे दहा-बारालाही शाळेच्या सुट्टीत मुलं मैदानावर असतात, आणि त्यांच्याकडे बघून मोठ्यांनाही बाहेर पडायची सवय लागते.

ऑफर हातात असेल तर गाव बघायला जूनमध्ये येऊ नका, फेब्रुवारीच्या शेवटी या, तेव्हा बर्फ काळपट झालेला असतो आणि अजून महिना-दीड महिना बाकी असतो. घर भाड्याने घेताना तीन गोष्टी विचारा, हीटिंग भाड्यात धरलंय का, गाडीला गॅरेज आहे का, आणि बर्फ कोण काढणार. पहिल्या हिवाळ्यासाठी शक्यतो तिन्हीचं उत्तर सोयीचं असेल तेच घर घ्या, शंभर-दोनशे डॉलर जास्त गेले तरी चालतील.